एका सेटिंगच्या पानाचं वाचन: थिन क्लायंट आणि वायर्ड नेटवर्क

या ब्लॉगवर मी एरवी एखादा पेपर घेते आणि तो कसा वाचायचा, कुठे शंका घ्यायची हे सांगते. या वेळी पेपर नाही. थिन क्लायंट नावाच्या यंत्राच्या पुस्तिकेतलं एक पान आहे, ‘वायर्ड नेटवर्क’ या मथळ्याचं. याचा संशोधनाशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध असा की या जुलैमध्ये ते पान वाचून मी एक सेटिंग बदललं आणि आमच्या विभागातल्या एका ज्युनिअरची रात्रभराची मोजणी वाया गेली. तेव्हापासून ते पान मी सात-आठ वेळा तरी वाचलंय. चूक माझी होतीच. पण ते पान ज्या पद्धतीने लिहिलंय त्यावर बोलायला हवं, कारण उद्या तुम्ही तुमच्या प्रबंधात ‘पद्धती’चं प्रकरण लिहाल तेव्हा नेमकं तसंच लिहिण्याचा मोह होतो.

आधी यंत्र. थिन क्लायंट म्हणजे एक छोटा डबा. त्याला मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि नेटवर्कची केबल जोडायची. आतलं स्टोरेज नावापुरतं. तुम्ही जे काही चालवता ते दुसरीकडे, सर्व्हरवर चालतं आणि इकडे फक्त चित्र येतं. आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये असे वीस डबे आहेत. कागदोपत्री त्यांची जबाबदारी एका समितीकडे आहे. प्रत्यक्षात ज्या पीएचडीवाल्याला एकदा केबलला टोक बसवता आलं, त्याच्याकडे ती कायमची जाते. तर ती माझ्याकडे आहे.

नेहमीच्या कॉम्प्युटरचं नेटवर्क गेलं तर निदान तुमच्या फाईली उघडतात. थिन क्लायंटचं नेटवर्क गेलं की तो नुसता डबा. मदतीचं पान शोधायचं म्हटलं तरी ते मोबाईलवर उघडावं लागतं. म्हणून या यंत्राच्या पुस्तिकेत नेटवर्कचं पान सगळ्यांत नीट लिहिलेलं असावं अशी माझी भाबडी अपेक्षा होती.

पान कसं आहे ते सांगते. कंपनीचं नाव देत नाही, कारण नंतर मी आणखी दोन कंपन्यांच्या पुस्तिका चाळल्या आणि साचा जवळपास तोच निघाला. एक तक्ता, दोन रकाने. डावीकडे खिडकीतल्या रकान्याचं नाव, उजवीकडे त्याचं वर्णन. आयपी पत्ता कसा मिळवायचा: ऑटोमॅटिक की स्टॅटिक. स्टॅटिक निवडलं तर पत्ता, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस भरायचं. इथरनेटचा वेग: ऑटोमॅटिक, किंवा यादीतून निवडा. एमटीयू. शेवटी सुरक्षा, म्हणजे ८०२.१एक्स. प्रत्येकाला एक किंवा दोन ओळी. चुकीचं एक अक्षरही नाही. स्क्रीनवर जे दिसतं ते सगळं पानावर आहे आणि त्याच क्रमाने आहे. घाईत असलेल्या माणसाला हे उपयोगी पडतं हेही कबूल.

आता त्या संध्याकाळी काय झालं ते.

चौदा नंबरचा क्लायंट सुरू होताना ‘नेटवर्क नाही’ म्हणत होता. शेजारचे सगळे चालू. दुसऱ्या दिवशी एमएस्सीच्या मुलांचं प्रॅक्टिकल. मी केबल बदलून पाहिली, फरक नाही. पान उघडलं. ऑटोमॅटिकने पत्ता मिळत नसेल तर स्टॅटिक आहेच की, असा सरळ विचार केला. शेजारच्या क्लायंटवरून मास्क, गेटवे, डीएनएस उतरवून घेतलं. पत्त्याचा शेवटचा आकडा तेवढा वेगळा हवा. म्हणून लॅपटॉपवरून एकेका आकड्याला पिंग करत गेले. ५७ वरून उत्तर आलं नाही. म्हणजे रिकामा. भरला, रीस्टार्ट केला, लॉगिनचा स्क्रीन आला. साडेसात वाजून गेले होते. मी खूश होऊन मेसला गेले.

५७ रिकामा नव्हता. तो एक्सआरडीच्या कॉम्प्युटरचा होता. तो कॉम्प्युटर चालू होता, कामातही होता, फक्त त्याच्या विंडोज फायरवॉलने पिंगला उत्तर देणं बंद ठेवलं होतं, जे विंडोजमध्ये बऱ्याचदा मुळातच तसं असतं. त्यावर ज्युनिअरची पेरोव्हस्काइटची फिल्म लावलेली होती. मिथाइल अमोनियम लेड आयोडाइड दमट हवेत बिघडतं आणि त्यातून लेड आयोडाइड सुटं होतं. तांब्याच्या एक्स-रे नळीवर १४.१ अंशाच्या आसपासचा पीक खाली जातो आणि १२.७ च्या आसपास नवा पीक वर येतो. हे किती वेळात होतं, ते मोजायला तो दर वीस मिनिटांनी एक स्कॅन घेत होता आणि प्रत्येक स्कॅन थेट विभागाच्या फाईल सर्व्हरवर जात होता. एकाच पत्त्यावर दोन यंत्रं आल्यावर फाईल सर्व्हरला ५७ म्हणजे माझा डबा वाटायला लागला. लिहिणं अडलं, सॉफ्टवेअरने एक चौकट दाखवली, ‘ओके’ म्हणा म्हणून, आणि ते थांबलं. रात्री तिथे ओके म्हणायला कोण असणार?

सकाळी तो म्हणाला, “ताई, फाईली सात चाळीसपर्यंतच आहेत.” तोवर फिल्म पिवळी पडली होती. एकदा बिघडलेली फिल्म परत काळी करून पुन्हा मोजता येत नाही. नवी फिल्म बनवायची, आणि एक्सआरडीचा पुढचा रात्रीचा स्लॉट मिळेपर्यंत थांबायचं.

या सगळ्यात पानाचा दोष कोणता? पत्ता रिकामा आहे का ते तपासा, एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं का? मला तसं वाटत नाही. तपासलं तर मीही होतं. माझी तक्रार याहून खोल आहे. त्या तक्त्यातलं जवळजवळ प्रत्येक सेटिंग दोन पक्षांमधला करार आहे, आणि पान ते एका डब्याचा गुणधर्म असल्यासारखं सांगतं. रंग, वजन, उंची सांगावी तसं.

वेगाचं घ्या. यादीत ‘१०० फुल’ असा पर्याय असतो. तुम्ही तो क्लायंटवर पक्का केला आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला स्विच ऑटोमॅटिकवरच राहिला, तर काय होतं? क्लायंट वाटाघाट करणं सोडून देतो. स्विचला सिग्नलवरून वेग १०० आहे हे कळतं, पण फुल की हाफ डुप्लेक्स हे कळत नाही, आणि अशा वेळी नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. आता एक टोक दोन्हीकडून एकदम बोलतंय आणि दुसरं टोक आळीपाळीने. मजा अशी की पिंग व्यवस्थित जातं, लॉगिनही होतं, मोठी फाईल उघडली की सगळं गोगलगाय होतं. याला डुप्लेक्स मिसमॅच म्हणतात आणि नेटवर्कवाल्यांच्या जगात हा जुना, सुप्रसिद्ध रोग आहे. पानावर मात्र वेगाबद्दलच्या ओळीत दुसऱ्या टोकाचा उल्लेख जाता जाता येतो: स्विचची खास गरज नसेल तर ऑटोमॅटिक ठेवा, अशा अर्थाचा. खास गरज म्हणजे काय, आणि ती असली तर दोन्ही टोकांना सारखंच करावं लागतं, हे नाही.

एमटीयूचंही तेच. रकान्यात आकडा भरा. इथरनेटवर तो साधारण १५०० बाइट असतो आणि वाटेत व्हीपीएन किंवा दुसरा बोगदा असेल तर कमी करावा लागू शकतो. म्हणजे हा आकडा तुमच्या डब्याने ठरवायचा नसतोच, वाटेने ठरवायचा असतो. पानावर वाट नाही. ८०२.१एक्समध्ये तर आणखी गंमत: प्रमाणपत्राची मुदत तपासायला घड्याळ बरोबर हवं, घड्याळ बरोबर करायला नेटवर्क हवं, आणि नेटवर्कवर यायला प्रमाणपत्र. यावर उपाय आहेत, पण आधी अडचण आहे हे तरी वाचणाऱ्याला कळायला हवं ना.

सगळ्यांत मोठा अन्याय ‘ऑटोमॅटिक’ या शब्दावर झालाय. पान वाचून असं वाटतं की ऑटोमॅटिक म्हणजे आळशी माणसाचा पर्याय आणि स्टॅटिक म्हणजे जाणत्याचा, आणि दोन्हीकडून शेवटी मिळतो तो एक पत्ता. थिन क्लायंटच्या बाबतीत हे विशेषच चुकीचं आहे. इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा.

१९८५ च्या सप्टेंबरमध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी आरएफसी ९५१ लिहिलं. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यांत लिहिले जातात ते दस्तऐवज, सगळे फुकट वाचायला मिळतात. त्यातल्या नियमसंचाचं नाव बूटपी. तो कुणासाठी होता? ज्या यंत्राला डिस्कच नाही, सुरू झाल्यावर स्वतःचा पत्ताही माहीत नाही, त्याच्यासाठी. त्या यंत्राने हाक मारायची आणि उत्तरात तीन गोष्टी मिळवायच्या: माझा पत्ता काय, माझा सर्व्हर कुठे, आणि मी कोणती फाईल उतरवून चालवू. डीएचसीपी, म्हणजे आपल्या पानावरचं ‘ऑटोमॅटिक’, याच बूटपीवर पुढे उभं राहिलं. १९९७ च्या मार्चमधलं राल्फ ड्रोम्स यांचं आरएफसी २१३१ हे त्याचं आजही मूळ मानलं जाणारं रूप. म्हणजे थिन क्लायंटच्या पूर्वजांसाठीच ही कल्पना निघाली, आणि थिन क्लायंटचीच पुस्तिका तिला एका ओळीत गुंडाळते!

पत्त्याबरोबर काय काय येतं ते बघा. डीएचसीपीच्या उत्तरात ‘ऑप्शन’ नावाचे क्रमांक दिलेले कप्पे असतात. ६६ मध्ये बूट सर्व्हरचं नाव, ६७ मध्ये फाईलचं. वाईज कंपनीचे थिन क्लायंट आपली सेटिंग जिथे ठेवलीत तो फाईल सर्व्हर १६१ मधून आणि त्यावरचा मार्ग १६२ मधून घेत आलेत. तुम्ही हाताने स्टॅटिक केलंत की पत्ता मिळतो, हे कप्पे मिळत नाहीत. डबा चालतो, पण मध्यवर्ती सेटिंग कुठून घ्यायची ते वेगळं सांगितलं नसेल तर जुन्याच सेटिंगवर अडकून राहतो. ‘पत्ता कसा मिळवायचा’ असं शीर्षक असलेल्या रकान्यात ही किंमत कुठेच लिहिलेली नाही.

थोडं विषयांतर, पण आवडेल तुम्हाला. डीएचसीपीच्या मूळ मांडणीत १२८ ते २५४ हे क्रमांक ज्याच्या त्याच्या जागेसाठी मोकळे ठेवले होते. कंपन्यांनी तिथेच आपापले खुंटे ठोकले. २००४ मध्ये आरएफसी ३९४२ ने त्यातले २२३ पर्यंतचे क्रमांक सार्वजनिक वापरासाठी परत घेतले. मग २०१९ च्या आरएफसी ८५२० ने १६१ हा क्रमांक अधिकृतपणे अगदी वेगळ्या कामाला दिला: एखादं उपकरण आपल्या वापराचं वर्णन कोणत्या वेबपत्त्यावर आहे ते सांगतं, त्यासाठी. म्हणजे तोच कप्पा, दोन अर्थ. मोकळी दिसणारी जागा कुणाची नसतेच असं नाही. माझ्या ५७ ची ही मोठी बहीण म्हणायला हरकत नाही.

आणि आता पिंग. ही चूक पूर्ण माझी, आणि विज्ञानाच्या विद्यार्थिनीला न शोभणारी. उत्तर आलं नाही, यातून ‘कुणी नाही’ असा निष्कर्ष मी काढला. माझी तपासणी ज्याला बोलायची परवानगी आहे त्यालाच ओळखू शकत होती. नमुन्यात पीक दिसला नाही म्हणून ती फेज नाहीच, असं कुणी सेमिनारला म्हणालं तर मी हात वर करून डिटेक्शन लिमिट विचारते. इथे विचारलं नाही. योग्य तपासणी होती: एआरपी. एकाच लोकल नेटवर्कवर ‘५७ कोण?’ अशी हाक त्या पातळीवर मारली तर नेहमीचा फायरवॉल आड येत नाही, कारण तिला उत्तर दिल्याशिवाय यंत्राला कुणाशी बोलताच येणार नाही. लिनक्सवर त्यासाठी आर्पिंग आहे. एक ओळ टाइप करायची.

इथे मला पुस्तिकेच्या पानाशेजारी आरएफसी २१३१ ठेवावंसं वाटतं. पंचेचाळीस पानं, रुक्ष, चित्रं म्हणजे टाइपरायटरने काढल्यासारख्या रेघा. पण त्यात दोन्ही पक्ष सतत हजर आहेत. क्लायंटने काय पाठवलं, सर्व्हरने काय केलं, निरोप हरवला तर कोणी किती थांबायचं. पत्ता देण्याआधी सर्व्हरने तो वापरात नाही ना ते बघावं. मिळाल्यावर क्लायंटनेही एआरपीने बघावं. आणि वापरात आहे असं दिसलं तर सर्व्हरला नकार कळवलाच पाहिजे. ‘बघावं’ आणि ‘पाहिजे’ हा फरक मी हौसेने केलेला नाही. सक्ती, शिफारस आणि मुभा यांसाठी ठरलेले वेगळे शब्द वापरायचे, ही आरएफसींची शिस्त आहे आणि ती मांडणारं आरएफसी २११९ त्याच महिन्यातलं, मार्च १९९७ चं. २००८ मध्ये स्टुअर्ट चेशायर यांच्या आरएफसी ५२२७ ने आणखी पुढे जाऊन सांगितलं की पत्ता हाताने भरलेला असो की डीएचसीपीने आलेला, वापरण्याआधी एआरपीने चाचपणी झालीच पाहिजे. माझ्या डब्याने ती केली नाही, किंवा केली असली तर मला काही सांगितलं नाही.

यावर एक आक्षेप येणार आणि तो रास्त आहे. पुस्तिका अनुभवी ॲडमिनसाठी असते, नेटवर्क शिकवण्यासाठी नाही; आरएफसीशी तिची तुलना म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकाची इंजिनच्या आराखड्याशी तुलना. माझ्या सरांनी हेच ऐकवलं, वर ‘तू परवानगी न घेता पत्ता का भरलास’ हेही. दुसऱ्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पहिल्यावर आहे: वेळापत्रकात पण ‘ही गाडी रविवारी नाही’ असं तळटीप लावून लिहितात. मला प्रकरण नकोय. स्टॅटिकच्या रकान्यात दोनच वाक्यं हवी होती: हा पत्ता डीएचसीपीच्या वाटपाबाहेरचा असावा, नेटवर्क सांभाळणाऱ्याकडून घ्या, आणि स्टॅटिक केल्यास डीएचसीपीतून येणारी बाकी सेटिंग मिळणार नाहीत. तक्ता एका ओळीने लांबला असता.

आणि दुसऱ्याच्या पुस्तिकेवर एवढं बोलल्यावर आमच्याच भिंतीवरच्या कागदाबद्दल गप्प बसणं बरं नाही. लॅमिनेट केलेला आहे. आधीच्या कुणीतरी लिहिलेला. आयपी भरा, रीस्टार्ट करा, चालत नसेल तर पुन्हा करा. कोणता आयपी? कुणाला विचारून? आमचं वाटप ५० ते २०० आहे हे त्या कागदावर नव्हतं, ते सर्व्हर रूमच्या मामांना तोंडपाठ होतं. ते म्हणाले, “मॅडम, विचारलं असतं तर सांगितलं असतं की.” गेली चार वर्षं त्या कागदाखाली बसून मी प्रबंधाचं ‘प्रायोगिक पद्धती’ प्रकरण लिहितेय. त्यात परवा एक वाक्य सापडलं: ‘उपकरणाची सेटिंग मानक पद्धतीनुसार ठेवण्यात आली.’ कुणाची मानक पद्धत, ते मलाच आठवेना.

चौदा नंबरचा मूळ आजार मात्र राहिलाच. ऑटोमॅटिकवर पत्ता का मिळत नव्हता? ते मी त्या दिवशी शोधलंच नाही, लक्षण झाकलं. नंतर घड्याळ लावून बसले. केबल लावल्यापासून साधारण तीस सेकंद स्विच त्या पोर्टवरून काहीच जाऊ देत नव्हता, आणि क्लायंट त्याआधीच हाका मारून थकत होता. त्या बाजूचा स्विच नुकताच बदललेला. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये नवा पोर्ट ऐकणं आणि शिकणं या दोन टप्प्यांत पंधरा-पंधरा सेकंद थांबतो, कुठे केबलचं वर्तुळ तर झालं नाही ना हे बघायला. टोकाला एकच यंत्र असलेल्या पोर्टला ही वाट बघण्यातून सूट देता येते. बाकीच्या पोर्टना ती दिलेली होती, याला राहून गेली होती. मामांनी दोन मिनिटांत केलं. म्हणजे ज्या पानावर मी तासभर उत्तर शोधत होते, त्या पानावरच्या एकाही रकान्यात ते नव्हतं. ते केबलच्या दुसऱ्या टोकाला होतं.

आता चौदा नंबर पुन्हा ऑटोमॅटिकवर आहे. एक्सआरडीच्या कॉम्प्युटरला वाटपाबाहेरचा राखीव पत्ता मिळालाय. भिंतीवरचा कागद मी बदलला. त्यावर वाटपाची हद्द आहे, आर्पिंगची ओळ आहे आणि खाली तीन रकाने: कुणी बदललं, कधी, कशासाठी. पहिली नोंद माझीच आहे, तारखेसकट. ज्युनिअरला नवा स्लॉट एकवीस दिवसांनी मिळाला. या वेळी त्याने स्कॅन आधी तिथल्याच डिस्कवर लिहायला लावलेत आणि सर्व्हरवर ते सकाळी कॉपी करतो.